जुळलेला आकडा

मी सोन्याचं काम करते ही बातमी इंदापुरात माझ्या मावशीने पसरवली. तिचा तसा दोष नव्हता. कसला प्रोजेक्ट करतेस, असं तिने विचारलं होतं. मी सांगितलं, सोन्याच्या अतिशय बारीक कांड्या असतात, त्या कशा थरथरतात याचं गणित. मावशीने त्यातलं सोनं तेवढं पुढे नेलं.

अब्बांचं मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी तिथे येतात. अब्बा त्यांच्या आतली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवीन भरतात. सुट्टीच्या दिवशी मी दुकानाच्या आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते, कारण घरापेक्षा तिथे वीज कमी जाते. एकदा बावड्याचे एक शेतकरी मोटार घेऊन आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"काय मिस्त्री, पोरगी सोन्याचं काम करती म्हनं?"

"करती की," अब्बा म्हणाले.

"आन तुमी अजून तांब्याच्या तारा गुंडाळत बसलाय व्हय?"

"तात्या, ते सोनं डोळ्याला दिसत नाही. एका केसाच्या जाडीत हजारो कांड्या मावतील."

"दिसत न्हाय? मग तर लई बेस! तसलं एक गंठण करून द्या. बायकोला सांगतो, घातलंय तुझ्या गळ्यात, चाचपून बघ."

दुकानात सगळे हसले. तात्याही हसले, पण जाताना त्यांची नजर माझ्या सॅकवर जाऊन आली. त्यानंतर बऱ्याच लोकांची तशी नजर मी पाहिली. मला ती ओळखता येते, कारण मी स्वतः लोकांकडे तशीच बघते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते तेव्हा वर्गात काही बोलायचं झालं की मी आधी वाक्य मनात तपासून घ्यायचे. तपासून होईपर्यंत तास संपलेला असायचा. मग मी दुसऱ्यांची वाक्यं तपासायला लागले. कोण काय म्हणालं, त्याआधी काय म्हणालं होतं, दोन्हींत फरक का पडला. सवय काही चांगली नाही, पण सुटलेली नाही.

काम खरंच सोन्याचं आहे. काचेच्या तुकड्यावर सोन्याच्या कांड्या पसरलेल्या असतात. एका कांडीवर लेझरचा अगदी क्षणिक झोत सोडला की ती तापते, फुगते आणि मग लांबीच्या दिशेने ताणली आणि आखडली जाऊ लागते, सेकंदाला अब्जावधी वेळा. पाठोपाठ दुसरा झोत सोडतात, आणि त्याच्या उजेडात ती थरथर उमटते. लांब कांडी सावकाश थरथरते, आखूड कांडी भरभर. हे मोजायचं काम पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत चालतं. बारामतीच्या कॉलेजात आमच्या मॅडमच्या हाताखाली मी करते ते मोजण्याच्या आधीचं काम: कांडीचा आकार, सोन्याचं वजन, त्याचा ताठरपणा, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून ती किती फ्रिक्वेन्सीने थरथरेल ते सांगायचं. एकाच बॅचमधल्या, म्हणजे एका वेळी बनवलेल्या, कांड्याही सारख्या लांबीच्या नसतात, थोडं इकडेतिकडे असतं. मी सरासरी लांबी घेते आणि एक आकडा काढते.

मोजणारी ताई माझ्यापेक्षा काही वर्षांनी मोठी. घर पळसदेवला, वडील उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. पुण्याला पीएचडी करत होती आणि शनिवारी रेल्वेने भिगवणला उतरायची. मी इंदापूरहून एसटीने जायचे. हायवेच्या कडेला मासळीच्या खानावळी आहेत, त्यातल्या एका जरा शांत खानावळीत आम्ही बसायचो. पुढच्या बॅचचा माझा आकडा मी तिला द्यायचे आणि आधीच्या बॅचचं मोजमाप ती पेन ड्राइव्हवर घेऊन यायची. हे सगळं मेलवरही झालं असतं. पण मी ज्यांच्याशी न तपासता बोलते अशी माणसं फार थोडी आहेत, आणि त्यांत ती होती.

"आकडा दे आधी," बसल्या बसल्या ती म्हणायची. "त्याबिगर कुठं शोधायचं तेच कळत न्हाय मला."

पुण्यात ती अगदी पुस्तकी बोलते. मॅडमबरोबर एकदा गेले होते तेव्हा मी ऐकलंय. भिगवणला उतरली की तिची भाषा बदलायची. मला ते आवडायचं. त्यामुळे त्या वाक्यात काय आहे याकडे माझं लक्ष गेलं नाही.

अम्मीला मात्र या शनिवारांचा संशय होता.

"दर आठवड्याला भिगवणला काय असतं गं?"

"ताई असते."

"ताईच ना? फोटो दाखव बघू."

मी फोटो दाखवला. ताई, तिच्यासमोर तळलेला चिलापी मासा, बाजूला लिंबू. अम्मीने फोटो मोठा करून बघितला.

"दोन ताटं दिसतायत. समोर कोण बसलंय?"

"मीच. फोटो मीच काढलाय, अम्मी."

अम्मीने मान हलवली, पण पुढच्या शनिवारी मला स्टँडवर सोडायला अब्बांना पाठवलं.

चार बॅच झाल्या आणि चारही जुळल्या. आलेखावर माझी रेघ होती आणि ताईचे ठिपके बरोबर त्या रेघेवर बसले होते. मॅडम खूश झाल्या. लेख लिहायला घ्या, म्हणाल्या. ताईची फेलोशिप संपत आली होती. लेख एकदा छापायला गेला की मगच तिचे सर तिचा प्रबंध पुढे पाठवणार होते. म्हणजे माझ्यासाठी तो पहिला लेख होता आणि तिच्यासाठी पुण्यातल्या इतक्या वर्षांचा शेवट. ती मला फोनवर सारखी विचारायची, "कुठवर आलं गं?"

लेखासाठी मी सगळी गणितं पहिल्यापासून पुन्हा काढायला बसले. तिसऱ्या बॅचपाशी थांबले. मी त्या गणितात दुसऱ्या बॅचची लांबी घातली होती. जुनी फाईल उघडून तिच्यावरच काम केलं होतं, जाडी बदलली होती आणि लांबीचा तो एक आकडा बदलायचा राहिला होता. तिसऱ्या बॅचच्या कांड्या थोड्या लांब होत्या. म्हणजे मी ताईला दिलेला आकडा चुकीचा होता.

आणि तरीही ताईचा ठिपका त्याच्यावर बसला होता.

चूक सापडली याचं मला फारसं काही वाटलं नाही, चुका होतात. पण चुकलेलं उत्तर प्रयोगात बरोबर कसं आलं? मी योग्य लांबी घालून गणित पुन्हा चालवलं. रेघ खाली सरकली आणि ठिपका वर एकटा राहिला. मी लॅपटॉप बंद केला. बाहेर दुकानात अब्बा एका मोटारीला लाकडी हातोडीने ठोकत होते.

माझ्या मनात जे पहिलं आलं ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. ताई आकडे बनवते. माझा आकडा घेते आणि त्याला शोभेल असं काहीतरी लिहून आणते. मी तिने दिलेल्या मूळ फायली उघडल्या, मोजताना यंत्राने टिपलेल्या. त्या खऱ्या दिसत होत्या: खरखरीत, वाकड्यातिकड्या, मध्येच उसळलेल्या, आणि त्या खरखरीतून वर आलेली ती थरथर. बनवलेल्या वाटत नव्हत्या. पण बनवलेलं असतं तर ते न बनवलेलंच दिसलं असतं, नाही का? एकदा असा विचार सुरू झाला की त्याला काठ राहत नाही.

पुढच्या शनिवारी मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. आधीही ठेवायची का? तिसऱ्या बॅचबद्दल मी सहज विचारलं तेव्हा म्हणाली, "ती होय? तिनं लई दमवलं होतं. सापडली शेवटी." सापडली. दर वेळी ती हेच म्हणायची. मोजली असं कधी म्हणत नव्हती. घरी येताना एसटीत मी तिचे जुने मेसेज वर सरकवत वाचले. 'सापडली एकदाची.' 'आज नाही सापडली, उद्या बघते.' 'सापडली, जेवायला जाते.'

मी मॅडमना काही सांगितलं नाही. ताईलाही विचारलं नाही. विचारून मिळालेल्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता हे मला माहीत होतं. त्याऐवजी मी पाचव्या बॅचचं गणित नीट केलं, लांबी पुन्हा पुन्हा तपासली, खरा आकडा काढला. आणि ताईला त्यापेक्षा वरचा आकडा पाठवला. फार वरचा नाही. त्या बॅचमधली एखादी आखूड कांडी गाठू शकेल इतकाच. समोर बसून देणं जमलं नसतं, म्हणून त्या शनिवारी पोट दुखतंय असं सांगून मी घरी राहिले आणि आकडा मेसेजवर टाकला. अम्मीने ओवा आणून दिला. तोही खावा लागला.

काही दिवसांनी ताईचा मेसेज आला. 'सापडली! काय त्रास दिलाय हिने. पण आली बघ बरोबर तुझ्या आकड्यावर.'

सोबत आलेख होता. माझ्या खोट्या आकड्यावर ताईचा ठिपका.

पुढच्या शनिवारी मी तिच्या आधी खानावळीत जाऊन बसले. ती आली, आकडा दे म्हणाली. मी म्हटलं, आज आकडा नाही. मग बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले आणि भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली.

"ताई, काच ठेवल्यावर पहिलीच कांडी बरोबर येते का?"

"पहिली कधी येती? चांगली मिळेस्तोवर किती खराब निघत्यात."

"खराब म्हणजे?"

"एकमेकीला चिकटलेल्या, अर्धवट वाढलेल्या. काय न् काय असतं."

"पण त्या लेझरखाली तर दिसत नाहीत. उजेडाचा ठिपका तेवढा दिसतो. मग खराब आहे हे कशावरून ओळखतेस?"

"ओळखू येतं की. तुझ्या आकड्याच्या आसपास काय उमटत न्हाय, म्हंजे काय तरी बिघाड हाय तिच्यात. मग तिच्यावर कशाला वेळ घालवायचा? पुढची घ्यायची."

हे सांगताना ती भाकरी मोडत होती. चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. मी खूप शोधली.

"त्या खराब कांड्यांची मोजमापं ठेवली आहेस?"

"खराब माल कोण जपून ठेवतं?" ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "का गं?"

"ह्या वेळी मी दिलेला आकडा खरा नव्हता."

"चुकला व्हय?"

"नाही. मुद्दाम वरचा दिला होता."

वाढणारा माणूस रस्सा घेऊन आला आणि दोघींच्या वाट्या भरून गेला.

"मुद्दाम कशासाठी?"

"बघायला."

"काय बघायला? मी खोटं मोजते का ते?"

मी वाटीतला रस्सा ढवळायला लागले. माझं टाळणं तिला इतके महिने नीट वाचता येत होतं, तेव्हाही आलं.

"पोट दुखत होतं म्हणालीस ना? मी पुण्यातनं फोन करून विचारलं तुला, बरं वाटतंय का." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आन तू घरी बसून माझ्यावर गळ टाकत हुतीस. तोंडानं विचारता येत न्हवतं?"

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"हेच! आता सांगितलं ते. काय लपवलं मी? विचार की कुणालाबी, आमच्या लॅबमधे सगळे असंच करतात. दिवसदिवस अंधाऱ्या खोलीत बसायचं, सिग्नल एवढासा. कुठंतरी शोधायला नको?"

"मग तिसऱ्या बॅचचं काय? तिच्यात माझी लांबी चुकली होती, ताई. आकडा चुकीचा होता. तोही तुला सापडला."

तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मला वाटलं आता उठून जाईल. हायवेवरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या आणि टेबलावरचे पाण्याचे पेले हलले.

"म्हंजे तू कुठलाबी आकडा दिला असतास," ती सावकाश म्हणाली, "तरी मी तो शोधून आणला असता."

"कुठलाही नाही. त्या बॅचमध्ये बसणारा."

"एकच की ते." मग म्हणाली, "सगळ्या बॅच घालवल्या का मी?"

"माहीत नाही."

"माझा प्रबंध हाय गं त्यात."

हे ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिचा हात धरायला हवा होता असं नंतर वाटलं. त्या वेळी मात्र मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, की हे दुःख खरं आहे का. इतकी मी बिघडले होते.

ती पुण्याला गेली आणि तिने स्वतः जाऊन तिच्या सरांना सांगितलं. ते काय म्हणाले हे तिने मला कधी सांगितलं नाही. मी मॅडमना सांगितलं. मॅडम आधी वैतागल्या.

"सगळं जुळलेलं असताना तू हे उकरलंस कशाला?"

मी त्यांच्यापुढे तिसऱ्या आणि पाचव्या बॅचचे आलेख ठेवले. त्या बघत राहिल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "लेख थांबवा," म्हणाल्या.

मग मोजायची पद्धत ठरली. ताईला आधी आकडा द्यायचा नाही. काचेवर ओळीने येईल ती कांडी घ्यायची, मोजायची आणि ठेवायची. एखादी वगळायचीच असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रात ती बिघडलेली दिसली तरच. मी माझा आकडा मॅडमकडे द्यायचा, तिने तिची मोजमापं मॅडमकडे द्यायची, एकाच दिवशी. मॅडमना हे शास्त्रीय वाटलं आणि ते आहेच. पण ज्या दोघी एका टेबलावर मासा खायच्या त्यांच्यामध्ये आता एक तिसरं माणूस बसवलं होतं, कारण एकीने दुसरीला फसवून बघितलं होतं.

मोजणं लांबलं. मध्येच ताईची फेलोशिप संपली. पुण्यातली खोली सोडून ती घरी आली आणि बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन मोजायची. आता ती माझ्या कॉलेजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होती आणि आमची भेट होत नव्हती. एकदा बारामतीच्या स्टँडवर दिसली. तिने हात केला. मीही केला. तिच्या बसला वेळ होता, माझ्याही. दोघी आपापल्या फलाटावर उभ्या राहिलो.

शेवटी मोजमापं आली. या वेळी एका बॅचचा एक ठिपका नव्हता, ठिपक्यांचा थवा होता, वरपासून खालपर्यंत पसरलेला. आणि प्रत्येक थव्याचा मध्य माझ्या रेघेच्या खाली होता. कांड्या मी म्हणत होते त्यापेक्षा सावकाश थरथरत होत्या. सगळ्याच बॅचमध्ये. म्हणजे इतके दिवस मी जिच्यावर डोळा ठेवला होता तिची निवड चुकली होती खरी, पण माझं गणितही बरोबर नव्हतं, आणि तिने शोधून शोधून आणलेल्या कांड्यांनी ते झाकून ठेवलं होतं.

मी पुन्हा गणित तपासलं. लांबी, वजन, ताठरपणा. मग मॅडमना मेल लिहिला की माझ्या बाजूने चूक सापडत नाही. तो ताईलाही गेला. संध्याकाळी तिचा फोन आला. कितीतरी आठवड्यांनी.

"तुझा आकडा बघितला," ती म्हणाली. "हा खरा हाय, का परत मुद्दाम मला बघायला दिलाय?"

"खरा आहे."

"कशावरनं?"

माझ्याकडे पुरावा म्हणून माझा शब्द होता, आणि त्याची किंमत मीच घालवली होती. फोनमध्ये मागे तिच्या घरचं कुणीतरी हाका मारत होतं. मी म्हटलं, "सगळं पाठवते. तूच चालवून बघ."

मी माझी फाईल कधीच कुणाला देत नाही. मॅडमनाही फक्त उत्तरं देते. त्या फाईलमध्ये माझे प्रयत्न आहेत, फसलेले, अर्धवट सोडलेले, मध्ये मध्ये इंग्रजीत स्वतःला घातलेल्या शिव्या. ते सगळं तसंच, काही न पुसता, मी तिला पाठवलं. पाठवल्यावर मी स्वतःहून अम्मीकडे ओवा मागितला.

ताईने ती चालवायला शिकून घेतली. एकदा विचारलं, हे बटण कुठलं. एकदा विचारलं, ही शिवी कुणाला. मी सांगितलं, मलाच. मग रविवारी तिचा मेसेज आला, सोबत दोन चित्रं: एक माझ्या फाईलमधलं, एक तिच्या मायक्रोस्कोपमधलं.

'तुझी कांडी दोन्ही टोकांना गोल हाय, कॅप्सूलसारखी. माझ्या चित्रात टोकं चपटी दिसत्यात. कुणाचं खरं?'

मी चित्रं शेजारी शेजारी ठेवली. टोकं चपटी असतील तर टोकाशी सोनं जास्त, टोक जड, आणि टोक जड असेल तर थरथर सावकाश. रेघ खाली येईल. किती खाली, ते लगेच सांगता येणार नव्हतं. मी तिचं चित्र पुन्हा मोठं केलं. काही टोकं चपटी होती, काही नव्हती.

'बऱ्याच चपट्या आहेत,' मी लिहिलं. 'काही गोल.'

'मोजून सांगतीस का वाटतंय म्हणून?'

'वाटतंय म्हणून.'

'मग सगळी चित्रं पाठवते. तू मोज. मीबी मोजते. मला तुझे आकडे आधी नकोत.'

चित्रं एकामागोमाग येत राहिली. मी पहिलं उघडलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या कांडीपासून मोजायला सुरुवात केली.